गोकर्णाचा चहा आणि जिन, उन्हाळी पार्टीसाठी

उन्हाळ्यात घरी पार्टी असेल तर गोकर्णाच्या निळ्या फुलांचा चहा आदल्या रात्रीच करून ठेवा, कपभर गरम पाण्यात ८-१० सुकी फुलं, पाच मिनिटं, गाळा आणि फ्रीजमध्ये टाका, कारण कोमट चहा बर्फावर ओतला की सगळं पाणचट होतं. गोकर्णाला रंग भारी पण वास जवळजवळ नाहीच, म्हणून त्यातच एक जास्मिन ग्रीन टीची बॅग २-३ मिनिटं बुडवायची, जास्त ठेवली तर कडू. (गजऱ्याचा मोगरा टाकू नका हां, फवारणी केलेला असतो.)

एका ग्लासला ४५ मिली जिन, ९० मिली चहा, १५ मिली साखरेचा पाक, भरपूर बर्फ. लिंबू मात्र शेवटी, पाहुण्यांसमोर! आंबट लागलं की निळ्याचा जांभळा-गुलाबी होतो, पोरं नाही तर मोठेच ओरडतात. वरून साधा सोडा घाला, टॉनिक वॉटरमध्ये आधीच सायट्रिक ॲसिड असतं त्यामुळे रंग लगेच फिरतो आणि मजा जाते. जिन महागडी नको, गोव्यात बनणारी कुठलीही चालेल. न पिणाऱ्यांना हेच जिनशिवाय द्या, पाक थोडा कमी करून.