गोरेगावच्या ऑडिओ प्रदर्शनाला जाताना: कोल्हापूरच्या नव्या साउंडवाल्यांसाठी

कोल्हापुरात रेकॉर्डिंगचं काम शिकणाऱ्या पोरापोरींनी एकदा तरी मुंबईचं पाम एक्स्पो बघून यावं, असं मी भेटेल त्याला सांगतो. गोरेगाव पूर्वेच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये, म्हणजे सगळे ज्याला नेस्को म्हणतात तिथे, साधारण मे महिन्याच्या अखेरीस हे प्रदर्शन तीन दिवस चालतं. माइक, मिक्सर, मॉनिटर म्हणजे स्टुडिओतले स्पीकर, लाइन अ‍ॅरे (एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरची रांग), लाइट, केबल, सगळं तिथे मांडलेलं असतं. आपल्याकडे चांगला माइक बहुतेक वेळा ऑनलाइन मागवायचा आणि खोकं फोडल्यावर तो कसा आहे ते कळायचं. तिथे तो हातात घेता येतो, त्यात बोलता येतं, शेजारच्या माइकशी ताडून बघता येतो. नव्या माणसाला याची फार गरज असते, कारण कान अजून तयार होत असतात आणि खिसा लहान असतो.

पण जाताना आपला आवाज बरोबर न्या. स्टॉलवर डेमोसाठी जी गाणी लावतात ती इतकी घासूनपुसून मिक्स केलेली असतात की ती कशावरही छान वाजतात. आपलं काम वेगळं आहे. शाहिराचा डफ आणि मागच्या झीलकऱ्यांची ‘जी जी रं जी’, भजनी मंडळाचा पखवाज, मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी, निवडणुकीच्या प्रचाराची गाणी, लघुपटाचं डबिंग: कोल्हापूरच्या छोट्या स्टुडिओचं पोट यावर चालतं. तुम्ही स्वतः केलेल्या रेकॉर्डिंगपैकी दोन-तीन तुकडे २४ बिट वेव्ह फाइलमध्ये पेन ड्राइव्हवर घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली फाइल नको, त्यात बहुतेकदा फाइल लहान करण्यासाठी आवाजाचा दर्जा कमी केलेला असतो. सोबत तुमचे रोजचे बंद कपांचे हेडफोन असू द्या. हॉलमध्ये प्रचंड गलका असतो आणि शेजारच्या स्टॉलचा बेस तुमच्या पायाखालून येत असतो. अशा ठिकाणी ओळखीचे हेडफोनच भरवशाचे.

मी जोतिबाच्या चैत्र यात्रेत घेतलेला हलगीचा तुकडा नेला होता. एका मॉनिटरच्या स्टॉलवर तो लावायला सांगितला, तेव्हा तिथल्या इंजिनिअरने स्वतःचं गाणं बंद केलं आणि पुढे सरकून ऐकू लागला.

“हे काय वाजतंय, दादा?”

“हलगी. कातडं शेकून ताणलेलं असतंय, म्हणून असा कडक टोल येतो.”

“मग हे मोठं मॉडेल कशाला बघताय? तुम्हाला खालचा बेस नकोय, टोलाची धार स्वच्छ ऐकू यायला हवी.”

आणि त्याने स्वतःहून मला कमी किमतीच्या जोडीकडे नेलं. मी नुसतं ‘चांगला मॉनिटर कुठला’ असं विचारलं असतं, तर त्याने माहितीपत्रक हातात ठेवलं असतं. माणसं आपल्या आवाजावर बोलायला लागली की विक्री बाजूला राहते आणि शिकणं सुरू होतं.

हलगीनेच मला माइकचे आकडे वाचायला शिकवलं. माहितीपत्रकात ‘मॅक्सिमम एसपीएल’ म्हणून एक आकडा असतो: किती मोठ्या आवाजापर्यंत माइक फाटत नाही, त्याची मर्यादा. नॉयमनचा यू ८७, ज्याचं नाव प्रत्येक स्टुडिओवाल्याच्या तोंडी असतं, तो ११७ डेसिबल म्हणजे डीबीपर्यंतचा आहे. आवाज आत येतानाच कमी करणारं पॅडचं बटण दाबलं तर १२७. हलगीच्या कातड्यापासून वीतभर अंतरावर लावायला तो काही सोयीचा नाही. तिथे १९६५ पासून विकला जाणारा साधा शुअर एसएम५७ बिनघोर चालतो. याउलट तंबोरा किंवा हळू आवाजातली गायकी घ्यायची असेल तर ‘सेल्फ नॉइज’ बघा, म्हणजे माइकची स्वतःची सळसळ. यू ८७ ची ती सुमारे १२ डीबी-ए (कानाच्या संवेदनेनुसार मोजलेले डीबी) आहे आणि कितीतरी स्वस्त रोड एनटी१ ची ४ ते ५. म्हणून रोड श्रेष्ठ ठरत नाही. आवाजाचा पोत आकड्यात मावत नाही. पण कुठल्या कामाला कुठला आकडा आधी बघायचा हे एकदा समजलं की महागड्या नावाचा धाक उरत नाही.

पॉडकास्टमुळे सध्या सगळ्या नव्या मुलांना शुअर एसएम७बी हवा असतो. माइक उत्तम आहे, पण त्याला कमीत कमी ६० डीबी गेन, म्हणजे आवाजाची वाढ, लागतो. तुमच्याकडचा इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, किती गेन देतो ते घरून बघून जा आणि स्टॉलवर तेवढाच गेन ठेवून ऐका. तिथे तो बहुधा भारी प्रीअँपला, म्हणजे माइकचा आवाज वाढवणाऱ्या यंत्राला, जोडलेला असतो. घरच्या स्वस्त इंटरफेसवर गेन शेवटपर्यंत फिरवला की माइकपेक्षा प्रीअँपचीच सळसळ जास्त ऐकू येते.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद दिला तो ३२ बिट फ्लोटच्या छोट्या रेकॉर्डरने. याविषयी वाचलं होतं, पण हातात घेतल्यावर पटलं. मी माइकजवळ जोरात टाळी वाजवली, मग कुजबुजलो. लॅपटॉपवर टाळीची लाट वर कापलेली दिसत होती. स्टॉलवरच्या माणसाने लेव्हल खाली ओढली आणि तीच लाट पूर्ण गोलाईसकट परत आली. कुजबूज वर ओढली, तीही स्वच्छ. अशा बहुतेक यंत्रांत दोन कन्व्हर्टर असतात, एक लहान आवाजासाठी आणि एक मोठ्यासाठी, म्हणून गेन आधी ठरवावाच लागत नाही. यात्रेत एका क्षणी पुजाऱ्याचा हळू स्वर आणि दुसऱ्या क्षणी हजारो लोकांचं ‘चांगभलं’ घ्यायचं असतं, तिथे हे वरदान आहे. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा: माइकच फाटला असेल तर रेकॉर्डर काही वाचवू शकत नाही. वरचा एसपीएलचा आकडा इथेही लागू आहे.

मॉनिटरच्या दोन जोड्या ताडून ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा करायला सांगा. जो थोडा मोठा वाजतो तोच आपल्या कानाला चांगला वाटतो, डीबीभर फरकानेसुद्धा फसगत होते. शक्यतो बंद डेमो खोलीत ऐका. तरीही तिथला निर्णय अर्धाच, कारण उरलेला अर्धा तुमच्या खोलीच्या हातात आहे. दहा फूट अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर घुमतो, मग त्याच्या दुपटीचा, तिपटीचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहा फूट असतील तर तिन्हीकडचा घुमारा एकाच सुरावर चढतो आणि कितीही चांगला स्पीकर ठेवला तरी बेस खोटा ऐकू येतो. आपल्याकडे पेठेतल्या घरातली माडीवरची चौकोनी खोली स्टुडिओसाठी घेतात, तिची गत अशीच असते. म्हणून खोलीची मापं कागदावर लिहून न्या. ध्वनिरोधक सामानाच्या स्टॉलवर ती दाखवलीत की बोलणं नेमकं होतं.

माझं ठाम मत आहे, पहिले पैसे खोलीवर घाला. अंड्याचे ट्रे आणि इंचभर फोम यांनी टाळीचा खणखणाट कमी होतो, बेसला काही होत नाही. त्याला कोपऱ्यात चार इंच तरी जाडीचं रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची गादी, लागतं. प्रदर्शनात तयार पॅनेल बघा, आतली जाडी आणि घनता विचारा, कापड कसं ताणलंय ते हात लावून बघा. मग फ्रेम आपल्या उद्यमनगरात किंवा ओळखीच्या सुताराकडून करून घ्या. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्या गावात लाकडी चौकट बनवणं कुणाला जड जाऊ नये. खोलीचा घुमारा मोजायला आरईडब्ल्यू हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फक्त मोजमापासाठीचा मेजरमेंट माइक घ्यावा लागतो.

तुम्हाला स्टुडिओपेक्षा लाइव्ह साउंडमध्ये करिअर करायचं असेल तर बाहेर मैदानात होणारा लाइन अ‍ॅरेचा डेमो चुकवू नका. स्पीकरसमोर एका जागी उभं न राहता पुढे, मागे, कडेला चालत ऐका, कुठे आवाज पातळ होतो ते टिपा. मांडव आणि मिरवणुकीत काम केलेल्या आपल्या पोरांना हे लगेच कळतं, कारण त्यांनी हे अंगावर घेतलेलं असतं. सध्या मोठ्या कार्यक्रमांत दांते नावाच्या पद्धतीने साध्या नेटवर्क केबलवरून बरेच चॅनल नेतात. तिचे सुरुवातीचे सर्टिफिकेट कोर्स ऑनलाइन मोफत आहेत. जाण्याआधी पहिली पातळी पूर्ण केलीत तर भाड्याने साउंड देणाऱ्या कंपन्यांच्या माणसांशी बोलताना तुम्ही नुसते बघे राहत नाही.

प्रदर्शनासोबत चर्चासत्रंही असतात आणि भारतीय रेकॉर्डिंग इंजिनिअरांना दिले जाणारे इरा पुरस्कारही तिथेच होतात. सत्र संपल्यावर वक्त्याला गाठून एकच नेमका प्रश्न विचारा. ‘सर, मला काम द्या’ यापेक्षा ‘पखवाजाच्या दोन्ही पुड्यांना वेगळे माइक लावता तेव्हा फेज कशी सांभाळता’ या प्रश्नाला माणूस थांबतो. मला मिळालेलं बाहेरगावचं काम अशाच एका बोलण्यातून आलं.

जाण्यायेण्याचं सोपं आहे. ऑनलाइन नोंदणी आधी करा. रात्रीच्या महालक्ष्मीने सकाळी दादरला उतरायचं, पश्चिम रेल्वेची लोकल पकडून राम मंदिर किंवा गोरेगाव. प्रदर्शनाचा पहिला दिवस निवडा; शेवटच्या दिवशी गर्दी जास्त आणि स्टॉलवाले दमलेले असतात. प्रत्येक व्हिजिटिंग कार्डाच्या मागे तिथेच लिहून ठेवा, काय ऐकलं आणि काय बोलणं झालं.

तिथल्या तिथे पैसे मोजू नका. सांगितलेली किंमत जीएसटीसह आहे का, वॉरंटी भारतातल्या अधिकृत वितरकाची आहे का, दुरुस्तीला यंत्र कुठे पाठवावं लागेल, हे विचारून घ्या. कोल्हापूर-सांगली भागात त्यांचा कुणी डीलर असेल तर डेमोचा पीस काही दिवस तुमच्या खोलीत ठेवायला मिळेल का तेही विचारा. काही जण देतात. तो आला की पेन ड्राइव्हवरचे तेच तुकडे पुन्हा लावा, आणि मगच ऑर्डर द्या.