वाचाघात झालेल्या माणसाशी बोलताना या चुका टाळा

वाचाघात म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळे शब्द सापडणं, वाक्य जुळवणं अवघड होणं. पक्षाघातानंतर किंवा डोक्याला जबर मार लागल्यावर बाबा चष्म्याला ‘चमचा’ म्हणू लागले, की घरातले पाहुण्यांसमोर त्यांची परीक्षाच सुरू करतात: ‘हे काय आहे? सांगा बघू!’ सगळ्यात आधी हे बंद करा. चष्मा म्हणजे काय, तो कशासाठी लागतो हे त्यांना बहुतेक वेळा ठाऊक असतं, ऐन वेळी शब्द तेवढा सापडत नाही. चारचौघांत फजिती झाली की माणूस बोलायचंच सोडतो.

तोंडातला शब्द घाईने काढून घेऊ नका. टीव्ही बंद करा, समोर बसा आणि मनात दहा आकडे मोजा. तरीही अडलं, तर ‘कशाला लागतं? हाताने दाखवा’ असं विचारा, किंवा पहिलं अक्षर सुचवा: ‘च...’. शब्द हाती लागला नाही तरी खुणेवरून काम भागलं, तर तेवढं पुरे. उच्चार सुधारत बसू नका.

‘हरिपाठ घडाघडा म्हणतात, मग चहा मागायला काय होतं? नाटक आहे!’ हा आरोप फार घरांत ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. पाठ झालेलं, गाणं, आकडे, शिव्या हे सारं आपोआप येतं. नवं वाक्य जुळवणं हे वेगळं काम. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरांनी 1861 मध्ये पॅरिसला तपासलेला रुग्ण एरवी फक्त ‘टॅन’ म्हणायचा, पण संतापला की शिवी मात्र देऊ शकायचा.

‘हो’वर लगेच विश्वास ठेवू नका. काहींच्या तोंडून ‘नाही’च्या जागीही ‘हो’ निघतं. चहा आणि दूध दोन्ही समोर धरा, बोट दाखवू द्या. औषध, पैसे, सही यांबाबत तर प्रश्न उलटा करून पुन्हा विचाराच.

अक्षरांचा तक्ता देऊन ‘लिहून दाखवा’ म्हणणंही सहसा फुकट जातं, कारण बोलण्याबरोबर लिहिणंही बिघडलेलं असतं. चित्रं, घरातल्यांचे फोटो, कॅलेंडर जास्त उपयोगी पडतात.

जिभेला वेखंड किंवा अक्कलकारा चोळू नका. बिघाड मेंदूत आहे. शिवाय गिळण्याची अडचण असेल, तर काहीही चाटवणं धोक्याचं.

स्पीच थेरपीसाठी ‘आधी अंगात ताकद येऊ दे’ म्हणून थांबू नका. सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा सहसा वेगाने होते, नंतरही ती होत राहते. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे. घरी मराठी बोलत असाल तर सराव मराठीतच मागा. दोष कायमचा राहिला, तर 2016 च्या दिव्यांग कायद्यात वाचाघाताचा उल्लेख आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

बोलणं अचानक पुन्हा बिघडलं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात लुळा पडला, तर उद्याची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते डॉक्टरांना सांगा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.