नव्या एएनएमची तयारी: कुठे थांबायचं आणि कुठे थांबायचं नाही

रजिस्ट्रेशनचा नंबर आला, नेमणुकीचा आदेश आला, उपकेंद्राचं गाव कळलं. आता घरात पेढे वाटले जातील. त्या गडबडीतच एक जाड पुठ्ठ्याची वही आणून ठेव, कारण पहिले पंधरा दिवस या वहीत घालवायचे आहेत. मी सोळा वर्षं आरोग्य सेविका, म्हणजे एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) होते, आता आरोग्य सहायिका म्हणून सहा उपकेंद्रं बघते. नवी मुलगी आली की तिला पहिल्या दिवशी एकच विचारते, डॉक्टर नसताना तू काय काय करू शकतेस? बहुतेक जणी आपल्याला काय करता येत नाही तेच सांगायला लागतात. ते माहीत हवंच. पण दुसरं पाठ नसेल तर बाई आपल्या डोळ्यांदेखत जाते.

आधी कागद उरकून घे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या प्रमाणपत्राच्या तीन प्रती काढ: एक घरी, एक उपकेंद्रात, एक पिशवीत. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर नोंदणीतही बदलून घे, उद्यावर टाकू नकोस. प्रमाणपत्रावर तुझी नोंद कोणत्या वर्गात आहे तेही नीट वाच. तू दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम केलास. जीएनएम (जनरल नर्सिंग आणि मिडवायफरीचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी झालेल्या मुलींची नोंद परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी असते, तुझी सहायक परिचारिका-प्रसाविका अशी आहे. गणवेश घातला की लोकांना सगळ्या 'सिस्टर'च दिसतात. कामाची हद्द मात्र त्या नोंदीवर, तुझ्या प्रशिक्षणावर आणि आरोग्य खात्याच्या सूचनांवर ठरते.

आता वहीचं मधलं पान उघड आणि उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने कर. पहिल्यात जे तू स्वतःहून करायचं, दुसऱ्यात जे डॉक्टरांच्या आदेशावरच करायचं, तिसऱ्यात जे कोणीही सांगितलं तरी करायचं नाही. केंद्र सरकारच्या २०१० च्या प्रसूतीविषयक मार्गदर्शक सूचना खास एएनएम, आरोग्य सहायिका आणि स्टाफ नर्ससाठी आहेत. पहिला रकाना त्यातून भरायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत मिळते. नाही मिळाली तर माझ्यासारख्या एखाद्या ताईकडे माग, तिच्या कपाटात नक्की असेल.

पहिल्या रकान्यात पुष्कळ आहे आणि तो भरताना मुलींचे डोळे मोठे होतात. सरळ बाळंतपण तुझं. बाळ बाहेर आलं, पोटावरून हात फिरवून दुसरं बाळ नाही याची खात्री केली, की रक्तस्राव रोखायला एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचे १० युनिट स्नायूत द्यायचे, तेही तुझं. ऑक्सिटोसिन नसेल तर मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडाने. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात बॅग आणि मास्कने श्वास देणं तुझं. जुलाबाच्या पोराला ओआरएस आणि चौदा दिवसांचं झिंक, गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या, लसीकरण हे सगळं तुझं. लस दिल्यावर एखाद्याला ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी) झालाच तर वयाच्या तक्त्याप्रमाणे ॲड्रिनलिनचा एक डोस देऊन लगेच पुढे पाठवणं, तेही तुझंच. दोन महिन्यांच्या आतल्या तान्ह्यात जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर पाठवण्याआधी जेंटामायसिनचा पहिला डोस आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन देण्याची परवानगी तुला आहे.

आणि मॅगसल्फ, म्हणजे गरोदरपणातल्या झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन. यावर मी थोडी थांबणार आहे.

माझं एसबीएचं (स्किल्ड बर्थ अटेंडंट, म्हणजे कुशल प्रसूती सेविकेचं) प्रशिक्षण होऊन चार महिने झाले होते. डोंगरातलं उपकेंद्र, रात्रीचे दोन. आठव्या महिन्यातली पोर जीपमधून आणली, घरी एक झटका येऊन गेलेला. बीपी १७० च्या वर, पाय सुजलेले. मॅगसल्फ कपाटात होतं. मला डोस तोंडपाठ होता. पण 'एवढं मोठं इंजेक्शन, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कसं द्यायचं' म्हणून मी फोन लावत बसले. रेंज नव्हती. वीस मिनिटं मी टेकाडावर चढून फोन लावत होते आणि पोर खाली खाटेवर होती. शेवटी इंजेक्शन न देताच तिला जीपमध्ये घातलं. घाटात तिला दुसरा झटका आला. ती वाचली, बाळ वाचलं नाही. त्या रात्री मी कोणताही नियम मोडला नाही, असं मला नंतर सगळ्यांनी सांगितलं. ते खरं नव्हतं. पहिला डोस देऊन पाठव, असं मला लिहून दिलेलं होतं आणि तेच मी केलं नव्हतं.

म्हणून पहिल्या रकान्यात हे लाल शाईने लिही: झटके आलेल्या गरोदर किंवा बाळंत बाईला मॅगसल्फचा पहिला डोस मी देणार आणि मग रुग्णवाहिका. एकूण १० ग्रॅम, प्रत्येक नितंबावर ५ ग्रॅम, खोल स्नायूत, सावकाश. ५० टक्क्यांचं दोन मिलिलिटरचं एक ॲम्प्यूल म्हणजे एक ग्रॅम. म्हणजे एका बाईला दहा ॲम्प्यूल लागतात. कपाटात चार असतील तर तुझ्याकडे मॅगसल्फ नाही असंच समज आणि त्याच दिवशी मागणीपत्र दे. १० मिलिलिटरच्या दोन सिरिंज आणि २२ नंबरच्या लांब सुया त्याच डब्यात ठेव. बाईला आधी सांग की अंगात ऊब वाटेल, घाबरू नको.

दुसरा रकाना आदेशाचा. प्रतिजैविकांची बाकीची इंजेक्शनं, बीपीच्या गोळ्या सुरू करणं किंवा बंद करणं, तापाच्या रुग्णाला सलाईन, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितल्यावर. आदेश फोनवर आला तर औषधाचं नाव, मात्रा आणि मार्ग लिहून घे, लिहिलेलं त्यांना वाचून दाखव, वेळ टाक, आणि पुढच्या भेटीत त्यावर सही घे. सही मागायला लाजू नकोस. ज्यांना तुझी काळजी आहे ते डॉक्टर सही देतात.

तिसरा रकाना छोटा आहे, पण त्यात एकही अपवाद नाही. बाळ बाहेर येण्याआधी कळा वाढवायला ऑक्सिटोसिन द्यायचं नाही, स्नायूतून नाही, सलाईनमधूनही नाही. घरचे म्हणतील, 'मागच्या सिस्टर द्यायच्या, पटकन मोकळी व्हायची.' त्या इंजेक्शनाने गर्भाशय फाटू शकतं आणि बाळ आत गुदमरू शकतं. पोटावर बसून किंवा कोपराने दाबून बाळ ढकलायचं नाही. गर्भपात करायचा नाही, त्याच्या गोळ्याही द्यायच्या नाहीत. १९७१ च्या कायद्याने तो अधिकार फक्त नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला आहे. तुझं काम बाईला न हिणवता योग्य ठिकाणी पोचवणं. मुलगा की मुलगी याबद्दल खुणेनेही बोलायचं नाही आणि कुठे कळेल तेही सांगायचं नाही, १९९४ चा कायदा त्यासाठी आहे. आणि न मोजलेली बीपी लिहायची नाही. ही शेवटची ओळ मुलींना किरकोळ वाटते. माता-बाल संरक्षण कार्डावर प्रत्येक भेटीत ११०/७० लिहिलेलं असतं आणि नवव्या महिन्यात बाईला झटके येतात, असं मी पाहिलं आहे.

रकाने भरले म्हणजे सगळं करता आलं असं नाही. पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीपुढे तू स्वतःला विचार: हे मी शिकले का, हाताने केलं का, शेवटचं कधी केलं? एसबीएचं प्रशिक्षण २१ दिवसांचं असतं. तुझं झालं नसेल तर रुजू झाल्याच्या आठवड्यातच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दे आणि अर्जाची पोच घे. तांबी बसवण्याचंही तसंच, त्याचं वेगळं प्रशिक्षण आहे. कागदावर एएनएमला परवानगी आहे म्हणून प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही. प्रशिक्षणात जेवढ्या केसेस मिळाल्या त्या प्रामाणिकपणे मोज. पाच बाळंतपणं नुसती बघितली असतील तर 'बघितली' असंच लिही.

उपकेंद्रात तू एकटी नसतेस, म्हणून माणसांचीही तयारी लागते. आता बहुतेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी असतात, महाराष्ट्रात बरेचसे बीएएमएस होऊन सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेले. आरोग्य सेवक असतात, आशाताई असतात, अर्धवेळ स्त्री परिचर असते. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना चहाला बसव आणि कोण काय बघणार ते बोलून घे. बीपी-शुगरची ओपीडी कोणाची, लसीकरणाच्या दिवशी नोंदी कोण करणार, रात्री बाळंतीण आली तर कोणाला उठवायचं. तुझं काम दुसऱ्याला देतानाही हद्द लागते. आशाताई बाईला घेऊन येतील, सोबत जातील, घरी जाऊन बाळ बघतील. इंजेक्शन त्यांच्या हातात द्यायचं नाही, कितीही अनुभवी असल्या तरी. परिचर मावशींनी तुझ्या आधीच्या चार सिस्टर पाहिलेल्या असतात, त्यांना बाळंतपणातलं पुष्कळ कळतं. त्यांचं ऐक, मान दे, पण हातमोजे तूच घाल.

गावाची तयारी ही सगळ्यात अवघड. तुझ्याकडे लोक सुई मागायला येणार. 'सिस्टर, अंग दुखतंय, एक सलाईन लावा,' 'गोळीने काय होतंय, टोचा की.' सरपंचांच्या घरातून निरोप येईल. पहिल्या महिन्यात तू एकदा जरी लावलीस, तरी पुढे नाही म्हणणं जवळपास अशक्य होतं. नुसतं नाही म्हणू नकोस. 'काका, बसा, बीपी बघते, ताप बघते, ही गोळी घ्या, आणि उद्या केंद्रात डॉक्टरांना दाखवा, मी चिठ्ठी देते' असं म्हण. माणसाला आपल्याकडे कोणीतरी बघितलं एवढं वाटलं की निम्मा राग जातो. बाकीचा निम्मा सहन करायचा.

वरच्या माणसाला नाही म्हणायचंही आधी घोकून ठेव, ऐनवेळी शब्द सुचत नाहीत. 'सर, हे मी शिकलेले नाही. तुम्ही शेजारी उभे राहा, मी हात लावते.' 'मॅडम, हे माझ्या कामात येत नाही, तुम्ही लेखी दिलंत तर मी वर विचारून घेते.' आवाज चढवू नकोस. काही मुली सरकारी नोकरी लागेपर्यंत खाजगी दवाखान्यात काम करतात, त्यांना हे जास्त लागतं. तिथे रात्रपाळीला एएनएमच्या हवाली अख्खा वॉर्ड, कधी आयसीयूसुद्धा सोपवतात. पगाराची गरज मला कळते. तरी मुलाखतीतच विचार: रात्री डॉक्टर इमारतीत असतात का, फोनवर असतात? माझ्याबरोबर जीएनएम कोण असेल? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी जागा शोध.

बाईला पुढच्या दवाखान्यात पाठवण्याची तयारी थोडक्यात सांगते, कारण ही बहुतेक जणी बरी करतात. १०८ आणि १०२ दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेले असू दे. शेजारी गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर, आणि रेंज कुठे मिळते ती जागा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात जाण्यायेण्याचा खर्च बाईने करायचा नसतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेव. चिठ्ठीवर काय झालं, बीपी किती, काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं. पुढचे डॉक्टर मॅगसल्फचा दुसरा डोस तुझ्या वेळेवरून ठरवणार असतात.

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहतं का ते बघ, खिडकीतल्या ट्रेमध्ये ठेवलेलं औषध उन्हाळ्यात कामाचं राहत नाही. मुदतीच्या तारखा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपास.

आणि उपकेंद्रातल्या पहिल्या रविवारी दुपारी, कोणी नसताना, टेबल पुसून डिस्टिल्ड वॉटरची दहा ॲम्प्यूल मांड. मोबाईलवर घड्याळ लाव. पाच फोड, सिरिंज भर, बाजूला ठेव. पुन्हा पाच फोड, भर. किती मिनिटं लागली ते वहीत लिही. मग दिवा बंद करून टॉर्चच्या उजेडात पुन्हा कर.