‘आय’ल क्राय टुमॉरो’ गावच्या वाचनालयात कसा दाखवावा

स्त्रीच्या दारूच्या व्यसनावरचा चित्रपट गोव्यातल्या गावात दाखवायचा असेल, तर प्रेक्षकांचे लक्ष तिच्या हातातल्या ग्लासावर न अडकता तिच्या अवतीभोवतीच्या माणसांकडे कसे जाईल, याचा विचार आयोजकाने आधी करावा. संगीत नाटकावर जीव लावणाऱ्या गोमंतकीय प्रेक्षकाला ‘एकच प्याला’मधला सुधाकर परिचयाचा आहे. तिथे पुरुष पितो आणि सिंधू सोसते, त्यामुळे करुणा कोणाच्या वाट्याला द्यायची हे आपल्या अंगवळणी पडले आहे. पिणारी स्वतः स्त्री असली की ती सवय उपयोगी पडत नाही आणि करुणेच्या आधी दूषण तोंडावर येते. आयोजकाची बहुतेक तयारी या एका अडचणीसाठी असते.

‘आय’ल क्राय टुमॉरो’ हा चित्रपट १९५५ सालचा, एमजीएम या हॉलिवूडमधल्या चित्रपट कंपनीचा, कृष्णधवल आहे. गायिका व अभिनेत्री लिलियन रॉथ यांच्या १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या आत्मचरित्रावर तो आधारलेला असून दिग्दर्शन डॅनियल मान यांचे आहे. रॉथ यांची भूमिका करणाऱ्या सुझन हेवर्ड यांनी यातील गाणी स्वतः गायिली आणि १९५६ च्या कान महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. प्रास्ताविकात एवढी माहिती पुरे. पुरस्कारांची यादी वाचत बसू नये. प्रदर्शनाची रीतसर परवानगी मात्र आधीच घेऊन ठेवावी.

संवाद इंग्रजीत असल्याने पूर्वार्धाचे कथानक मराठीत दोन पानांत लिहून सुरुवातीला सावकाश वाचून दाखवावे. चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे. लिलियनच्या प्रियकराचा, डेव्हिडचा, मृत्यू होतो आणि शोकाने तिची झोप उडते, तो भाग संपल्यावर मध्यंतर घ्यावे. तिला झोप लागावी म्हणून सोबतची परिचारिका दारू घ्यायला सुचवते, म्हणजे तो ग्लास तिच्या हाती औषध म्हणून येतो. आपल्याकडे सर्दीपडशाला घोटभर फेणी देणारी घरे पुष्कळ आहेत, त्यामुळे या प्रसंगाशी गोव्याच्या प्रेक्षकाची ओळख लगेच जुळते. मध्यंतरात चहा देताना कोणी आपणहून ‘आमच्याही घरी बाटली कपाटात असते’ असे म्हणाले, तर त्याला थांबवू नये आणि त्यावर उपदेशही करू नये. उत्तरार्धातली सगळी चर्चा अशा एका वाक्यावर उभी राहू शकते.

आईच्या भूमिकेतील जो व्हॅन फ्लीट यांचे प्रसंग नीट पाहायला सांगावे. मुलीला रंगमंचावर नेण्याचा आईचा ध्यास आणि पुढे मायलेकींमध्ये उडालेला खटका यांत चित्रपटाचा खरा गाभा आहे, असे माझे मत आहे. आई दुष्ट नाही; तिचे मुलीवर प्रेम आहे, आणि तरीही मुलीला नेमके काय हवे आहे हे तिला दिसत नाही. हे प्रसंग भडक आहेत म्हणून त्यांची क्षमा मागण्याचे कारण नाही. घरात वर्षानुवर्षे न बोललेले काही या भडकपणामुळेच बोलले जाते.

उत्तरार्धात लिलियन जीव देण्याच्या विचाराने हॉटेलच्या खोलीत जाते. हा प्रसंग येणार असल्याचे मध्यंतरात स्पष्ट सांगावे आणि ज्यांना तो पाहायचा नसेल त्यांना बाहेर बसता येईल अशी सोय ठेवावी. त्यानंतर ती १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेकडे जाते, आणि दारू सुटतानाच्या यातनांत तेथील माणसे तिची शुश्रूषा करतात. येथे एक सूचना न चुकता द्यावी: वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या व्यक्तीने दारू एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, क्वचित जिवावरही बेतते, म्हणून दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या एखाद्या सदस्याला बोलण्यासाठी बोलावले असेल, तर त्याचे आडनाव विचारू नये आणि छायाचित्र घेऊ नये, कारण अनामिकता हा त्या संघटनेचा पाया आहे.

चर्चेच्या बाबतीत माझ्या हातून पहिल्या खेपेस चूक झाली. दिवे लागताच मी सर्वांना बोलण्याचे आवाहन केले, मागच्या रांगेतून एका गृहस्थांनी ‘बाईच्या जातीला हे शोभते का?’ असे विचारले, आणि त्यानंतर एकही स्त्री बोलली नाही. तेव्हापासून मी स्त्रियांचा गट वेगळा बसवते आणि पहिला प्रश्न स्वतः विचारते: तिचे पिणे सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आले असावे, आणि त्या व्यक्तीने काय केले? ‘दारुडी’, ‘बेवडी’ हे शब्द वापरायचे नाहीत, हेही सुरुवातीलाच सांगते.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी मद्यपींना दिलेल्या मदतीचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्या मदतीचा उपयोग झाल्याचे दिसले. परंतु त्यात केवळ पुरुष होते. पिणाऱ्या स्त्रीला दवाखान्याची पायरी चढणे किती जड जात असेल, हे ध्यानात घेऊनच पुढची व्यवस्था करावी.

बांबोळी येथील सरकारी मानसोपचार संस्थेचा पत्ता आणि व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ छोट्या चिठ्ठ्यांवर छापून घ्यावा. या चिठ्ठ्या प्रवेशद्वारावरच्या टेबलावर ठेवू नयेत, कारण तिथे चिठ्ठी उचलणारा हात सर्वांना दिसतो. त्या स्त्रियांच्या स्वच्छतागृहात, आतल्या बाजूला, आरशाजवळ ठेवाव्यात, आणि पर्समधल्या नाण्यांच्या कप्प्यात मावतील एवढ्याच आकाराच्या असाव्यात.