सोल, फंक आणि डिस्को : जुन्या अल्बमांची क्रमवारी कशी लावावी आणि तिच्यावर वाद कसा घालावा

सोल, फंक आणि डिस्को या अमेरिकेत जन्मलेल्या संगीतप्रकारांतील जुन्या अल्बमांची क्रमवारी लावायला चारपाच जण बसले की पहिला अर्धा तास हमखास वाया जातो. एक जण गाण्याबद्दल बोलत असतो, दुसरा गायकाबद्दल, तिसरा आपल्या कॉलेजच्या दिवसांबद्दल, आणि तिघांचीही समजूत अशी असते की आपण अल्बमबद्दलच बोलत आहोत. सांगली-मिरजेत वाद घालणाऱ्यांची वानवा नाही. नाट्यपदांवरून आणि घराण्यांवरून येथे पिढ्यान्‌पिढ्या हुज्जती झाल्या आहेत. त्यामुळे अडचण उत्साहाची नसून पद्धतीची आहे. नेमके काय मोजायचे हे ऐकायला बसण्यापूर्वी ठरले, तरच यादीला अर्थ राहतो. आणि येथे ते ठरवणे अधिकच आवश्यक आहे, कारण हे तीन प्रकार तीन वेगळ्या कामांसाठी (सोल आवाज आणि शब्दांतून काही सांगण्यासाठी, फंक ठेक्यासाठी, डिस्को नाचघरासाठी) घडले आणि एकाचे माप दुसऱ्याला लावले की अन्याय होतो.

सर्वप्रथम हद्द आखावी. १९६३ ते १९७९ हा काळ सोयीचा आहे. जेम्स ब्राउन यांचा न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमधील कार्यक्रम ऑक्टोबर १९६२ मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि १९६३ मध्ये बाजारात आला. रेकॉर्ड कंपनीला त्यात दम वाटत नव्हता, म्हणून ब्राउन यांनी ध्वनिमुद्रणाचा खर्च स्वतः केला होता. दुसऱ्या टोकाला १२ जुलै १९७९ ही तारीख आहे. त्या दिवशी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर दोन सामन्यांच्या मध्ये डिस्कोच्या रेकॉर्डची पेटी स्फोटाने उडवण्यात आली, प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना खेळलाच गेला नाही. डिस्कोविरोधाची ती लाट ध्यानात घेता १९७९ हे वर्ष शेवटचे धरणे रास्त आहे, आणि त्यामुळे शीक या वाद्यवृंदाचा ‘रिस्के’ व मायकेल जॅक्सन यांचा ‘ऑफ द वॉल’ हे त्याच वर्षीचे दोन्ही अल्बम हद्दीत येतात.

हद्दीबरोबर चार नियमही आधीच कागदावर उतरवावेत. निवडक गाण्यांचे संकलन चालणार नाही, हा पहिला. चित्रपटाच्या संगीताबद्दल मात्र थोडा विचार करावा लागतो. कर्टिस मेफील्ड यांचा ‘सुपरफ्लाय’ (१९७२) हा चित्रपटासाठी केलेला असला तरी तो एका कलावंताने सलग विचार करून घडवलेला अल्बम आहे. ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ (१९७७) या दोन तबकड्यांच्या संचात बी जीज या गायकवृंदाची नवी गाणी आहेत, तशीच १९७५ व १९७६ मध्ये आधीच येऊन गेलेली गाणी आणि इतर अनेकांची गाणीही आहेत. माझ्या मते पहिला घ्यावा आणि दुसरा वगळावा. पण बैठकीचे मत उलट पडले तर ते मान्य करावे, फक्त मतदान झाल्यावर नियम बदलू नये. दुसरा नियम पुरवणीचा. स्टीव्ही वंडर यांचा ‘साँग्ज इन द की ऑफ लाइफ’ (१९७६) दोन एलपींसोबत (म्हणजे मोठ्या तबकड्यांसोबत) चार गाण्यांची एक लहान तबकडी घेऊन आला होता. ती मूळ संचाचाच भाग असल्याने धरावी. पुढे सीडीच्या काळात जोडलेली जादा गाणी मात्र कोणत्याही अल्बमबाबत धरू नयेत. तिसरा नियम नावांचा : जॉर्ज क्लिंटन यांची मंडळी पार्लमेंट आणि फंकाडेलिक अशा दोन नावांनी रेकॉर्ड काढत असत, त्यांना एकच धरायचे की दोन, हे आधी ठरावे. चौथा नियम असा की एका कलावंताचे दोनपेक्षा जास्त अल्बम कोणीही आपल्या मतदानाच्या चिठ्ठीत लिहू नयेत. हा नसेल तर १९७२ ते १९७६ या पाच वर्षांतील स्टीव्ही वंडर एकटेच अर्धी यादी व्यापतात.

पन्नाशी-साठी ओलांडलेले कोणी बैठकीत असेल तर बोनी एमचा विषय निघणारच, कारण आपल्याकडे अनेक घरांत डिस्को पहिल्यांदा त्यांच्याच कॅसेटवरून पोहोचला. हा वाद्यवृंद जर्मनीत फ्रँक फारियन यांनी उभा केला आणि रेकॉर्डवरचा पुरुषी आवाज मंचावर नाचणाऱ्या बॉबी फॅरेल यांचा नसून फारियन यांचाच होता, ही माहिती दिली की चर्चा रंगते. मात्र युरोपीय डिस्कोची यादी वेगळी करावी. बंगळूरचे संगीतकार बिद्दू आणि पाकिस्तानी गायिका नाझिया हसन यांचा ‘डिस्को दीवाने’ (१९८१) हा तर आणखी वेगळ्या बैठकीचा विषय आहे.

आता ऐकण्याकडे वळू. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर फंक ऐकून मत देणाऱ्याचे मत ग्राह्य धरू नये, असे मी स्पष्ट म्हणतो. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्‌झ असतो आणि तो त्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही. म्हणजे ज्या वाद्यावर अल्बम उभा आहे तेच न ऐकता आपण गुण देत असतो. बरे हेडफोन किंवा जुना ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर पुरेसे आहेत. ॲपवरून ऐकत असाल तर गाण्यांचा क्रम आपोआप बदलणारी आणि एक गाणे दुसऱ्यात मिसळणारी, अशा दोन्ही सोयी बंद कराव्यात. कोणाच्या माळ्यावर मूळ एलपी निघाली तर आनंदच आहे, पण २०१९ च्या महापुराचे पाणी तिने पाहिले असेल तर ती आधी नीट धुवावी. एलपी ज्या प्लास्टिकची असते त्या विनाइलला पाण्याने काही होत नाही. खाचेत बसलेला गाळ मात्र सुईची वाट लावतो.

अल्बम एका बैठकीत, बाजूनिहाय आणि सलग ऐकावा. एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची असते, आणि मिरजेत दर्ग्याच्या आवारात रात्र-रात्र गाणे ऐकणाऱ्यांच्या गावात चाळीस मिनिटे शांत बसणे कोणाला जड जाऊ नये. पहिल्यांदा ऐकताना काहीही लिहू नये. दुसऱ्यांदा ऐकताना टाळी धरावी, कारण तीन प्रकारांतील फरक पुस्तकी व्याख्येपेक्षा हाताला लवकर कळतो. सोलमध्ये टाळी बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर नैसर्गिकपणे पडते, तशी ती चर्चमधील गायनातही पडते, आणि सोल गायिका ॲरेथा फ्रँकलिन यांचे गाणे तेथूनच आले आहे. फंकमध्ये सगळे वजन पहिल्या मात्रेवर येते. जेम्स ब्राउन यांच्या १९६७ च्या ‘कोल्ड स्वेट’मध्ये गिटार, ब्रास (पितळी फुंकवाद्ये), बेस आणि ड्रम हे सगळेच तालवाद्ये होऊन त्या मात्रेवर एकत्र उतरतात आणि लगेच पांगतात. आपला कान समेची वाट पाहायला सरावलेला आहे, फक्त येथे ती दर चार मात्रांनी येते. डिस्कोमध्ये पायाने वाजवायचा ड्रम चारही मात्रांवर सारखा पडतो आणि झांज दोन मात्रांच्या मधल्या जागेत उघडते. फिलाडेल्फियाचे ड्रमवादक अर्ल यंग यांनी १९७३ च्या ‘द लव्ह आय लॉस्ट’मध्ये वाजवलेला ठेका त्याचा आरंभबिंदू मानला जातो.

यानंतर प्रत्येक अल्बमला त्याच्या कामाचा प्रश्न विचारावा. सोलच्या अल्बमला विचारावे, की आवाज आणि शब्द मिळून काही सांगतात का, आणि ते सांगणे पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत टिकते का. मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (मे १९७१) या कसोटीसाठी उत्तम आहे. पहिल्या बाजूवरची सहा गाणी एकमेकांत अशी मिसळतात, की कोठे एक संपले आणि दुसरे सुरू झाले हे घड्याळ पाहूनच कळावे. व्हिएतनामहून परतलेला भाऊ, रोजगार, मुले, देव, विषारी होत गेलेली हवा असा तो प्रवास आहे. दुसऱ्या बाजूवर तीनच गाणी आहेत आणि त्यांतील पहिले सात मिनिटांहून लांब आहे. या अल्बमला पहिला क्रमांक नाकारायचा असेल तर मुद्दा येथे मिळतो : ती सात मिनिटे पहिल्या बाजूचा ओघ मोडतात, असे म्हणता येते. त्यावर उत्तर देणाऱ्याने अल्बमचे अखेरचे मिनिट लावावे, कारण तेथे पहिल्या गाण्याचे सूर पुन्हा उगवतात आणि वर्तुळ पूर्ण होते. दोन्ही पक्ष खरे आहेत आणि दोन्ही रेकॉर्डवर ऐकू येतात. वाद असा असावा.

आयझॅक हेज यांच्या ‘हॉट बटर्ड सोल’ (१९६९) मध्ये अवघी चार गाणी आहेत. एक बारा मिनिटांचे, तर शेवटचे अठरा मिनिटांहून मोठे, आणि त्यातील कितीतरी वेळ केवळ बोलण्यात जातो. गाणी मोजून गुण देणारा येथे फसतो. येथे मुद्दा असा, की दुसऱ्यांची ओळखीची गाणी इतकी ताणून त्यांत नवे काही निघाले का. माझे उत्तर होकारार्थी आहे.

फंकच्या अल्बमला शब्दांविषयी फार छळू नये. ठेका जागचा न हलता किती वेळ जिवंत राहतो आणि कोणते वाद्य गप्प बसल्याने तो फुलतो, हे पाहावे. स्लाय अँड द फॅमिली स्टोनचा ‘देअर्स अ रायट गोइन ऑन’ (१९७१) हा नवख्याला गढूळ आणि दबलेला वाटतो. त्याच टेपवर पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रण केल्याने आवाज तसा झाला, आणि त्यात ड्रमवादकाऐवजी बऱ्याच ठिकाणी यंत्राचा ताल आहे. हे ऐकण्यापूर्वी सांगून ठेवावे, नाहीतर कोणीतरी उठून स्पीकरच्या वायरी तपासत बसतो.

डिस्कोच्या बाबतीत सर्वाधिक गफलत होते. हे संगीत नाचघरासाठी घडले आणि त्याचे खरे घर बारा इंची सिंगल हे होते, ज्यावर एकच गाणे लांबवून, मोठ्या आवाजात कोरता येत असे. म्हणून डिस्कोची महान गाणी पुष्कळ आणि पूर्ण बांधलेले अल्बम त्या मानाने थोडे आहेत. डॉना समर यांच्या ‘लव्ह टू लव्ह यू बेबी’ (१९७५) ची पूर्ण पहिली बाजू म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटांचे एकच गाणे आहे. गाणे म्हणून ते इतिहास आहे. अल्बम म्हणून दुसरी बाजू त्याला पेलत नाही. याउलट त्यांचाच १९७७ चा ‘आय रिमेंबर यस्टरडे’ जुन्या दशकांच्या शैलींतून फिरत फिरत शेवटी भविष्यकाळाच्या गाण्याशी येतो, आणि ‘आय फील लव्ह’ हे ते गाणे जॉर्जो मोरोडेर यांनी जवळजवळ सर्वस्वी सिंथेसायझरवर उभे केले. फक्त हेच गाणे ऐकलेल्या माणसाला ते अल्बमच्या अखेरीस का ठेवले आहे हे कळत नाही. तरीही डिस्कोचा एकच अल्बम निवडायचा तर मी शीकचा ‘रिस्के’ निवडीन. नाइल रॉजर्स यांची गिटार आणि बर्नार्ड एडवर्ड्‌स यांचा बेस यांतील मोकळ्या जागा त्यात अखेरपर्यंत नेटक्या राहतात.

प्रत्यक्ष वादासाठी एक सूत्रधार नेमावा आणि त्याच्या हाती मोबाइलचा टायमर द्यावा. बोलणाऱ्याला तीन मिनिटे. वयाने मोठ्या काकांना मध्येच तोडणे आपल्याकडे कोणाला जमत नाही, टायमरला जमते. मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय चोखंदळ खरेदीदार बोली वाढवत नाही; तसे प्रत्येक दाव्यासोबत गाणे, मिनिट आणि वाद्य सांगून तो तुकडा वाजवून दाखवणे बंधनकारक करावे. ‘किती खपला’ आणि ‘किती ग्रॅमी मिळाले’ हे दोन्ही मुद्दे वर्ज्य. परदेशी मासिकांच्या याद्याही निकाली पुरावा नव्हेत. रोलिंग स्टोन या अमेरिकी मासिकाच्या पाचशे अल्बमांच्या यादीत ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ २००३ मध्ये सहावा होता आणि २०२० मध्ये पहिला झाला. मधल्या काळात अल्बममधील एक सूरही बदलला नव्हता, मतदार बदलले होते.

मतदान गुप्त चिठ्ठीने घ्यावे, आणि ते भडंग आणि चहा येण्यापूर्वी, कारण त्यानंतर मते एकमेकांकडे पाहून ठरतात. प्रत्येकाने दहा अल्बम लिहावेत. पहिल्याला दहा गुण, दुसऱ्याला नऊ, असे उतरत दहाव्याला एक. या पद्धतीचा एक गुणधर्म मात्र सर्वांना आधी समजावून द्यावा. पाच जणांपैकी तिघांनी एखादा अल्बम पहिला ठेवला आणि उरलेल्या दोघांनी तो लिहिलाच नाही, तर त्याला तीस गुण मिळतात. पाचही जणांनी तिसरा ठेवलेला अल्बम चाळीस गुण घेऊन वर जातो. म्हणजे ही पद्धत सर्वांना पटणाऱ्याला झुकते माप देते आणि तीव्र मतभेद उभे करणाऱ्याला मागे ढकलते. ते टाळायचे असेल तर पहिल्या क्रमांकाला दहाऐवजी पंधरा गुण द्यावेत. मग त्याच उदाहरणात तीसचे पंचेचाळीस होतात आणि निकाल उलटतो. कोणती पद्धत घ्यायची हे चिठ्ठ्या वाटण्यापूर्वी ठरवावे. बरोबरी झाली तर ज्याला अधिक जणांनी पहिला ठेवले तो वर घ्यावा, तेही समान निघाले तर दोन्ही अल्बमांची दुसरी बाजू त्याच वेळी पुन्हा लावावी आणि हात वर करून मत घ्यावे. अंतिम यादीत प्रत्येक नावापुढे एकूण गुणांबरोबर पहिल्या क्रमांकाची मतेही लिहावीत, आणि ज्या अल्बमला एकाच सदस्याने पहिला ठेवले पण यादीत जागा मिळाली नाही, तो पुढच्या बैठकीत सर्वांत आधी वाजवावा.