सकाळी सहाचा डबा, दुपारी सव्वाएकला

डबा करायला लागून मला चार वर्षं झाली. त्याआधी मला डबा फक्त खाता यायचा आणि त्याला नावं ठेवता यायची. मग बायकोला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पहिली पाळी लागली, ती सहा वीसला घर सोडायला लागली आणि घरात वाटणी झाली : संध्याकाळचा स्वयंपाक तिचा, सकाळचे दोन डबे माझे. राहायला आम्ही डोंबिवलीत, माझं ऑफिस फोर्टात. पावणेआठला घराला कुलूप. डबेवाल्यांचा पर्याय त्यामुळे बाद. ती मंडळी १८९० पासून मुंबईत डबे पोचवताहेत, पण भरलेला डबा त्यांच्या हातात द्यायला घरात कुणीतरी लागतं. आमच्याकडे त्या वेळी फक्त पाल असते.

पहिले सहा महिने मी एकच चूक करत होतो. कढईतली भाजी चाखायची, झकास लागली की स्वतःवर खूश व्हायचं आणि दुपारी डबा उघडून तोंड वाकडं करायचं. सहाला उतरवलेली भाजी आपण खातो सव्वाएकला. मधे सात तास. त्यातला सव्वा तास ती बॅगेत उभी-आडवी होत ४८ किलोमीटर येते. म्हणून आता काहीही करायला घेताना मी एवढंच बघतो की सात तासांनी याचं काय झालेलं असेल. खाली जे लिहिलंय ते सगळं या हिशोबातून आलंय. पाककृती म्हणून वाचू नका, त्या तुमच्या घरी माझ्यापेक्षा बऱ्या असतील.

भाजी कोणती न्यायची

काही भाज्या डब्यात मुरतात, काही रडतात. मुरणाऱ्यांत मटकीची उसळ, छोले, भरली वांगी, बटाट्याची पिवळी भाजी. रडणाऱ्यांत दुधी, पालक आणि दोडका. दोडक्याला मीठ लागलं की तो पाणी सोडायला लागतो, ते थेट दादर येईपर्यंत. तरी न्यायचाच असेल (मला दोडका आवडतो, घरात एकट्यालाच) तर झाकण न ठेवता मोठ्या आचेवर परतायचा, मीठ अगदी शेवटी, आणि उतरवताना दोन चमचे दाण्याचं कूट. उरलेलं पाणी कूट पिऊन टाकतं.

भेंडी आदल्या रात्री धुऊन, फडक्याने कोरडी करून ताटात पसरून ठेवा. सकाळी ओल्या भेंडीला सुरी लावली की तार सुटलीच म्हणून समजा. दोन आमसुलं, मीठ शेवटी, झाकण नाही. पिठलं नेऊ नका, दुपारी त्याच्या वड्या पाडता येतात. झुणका न्या.

रस्सा लागतोच असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी तो आटवत बसण्यापेक्षा घट्ट करावा. शिजलेली मटकी डावाच्या पाठीने कढईच्या कडेला थोडी चिरडली, दोन उकळ्या येऊ दिल्या की रस्सा अंगाबरोबर येतो. पोळीचा तुकडा बुडतो, पण डबा तिरका झाला तरी पळत नाही.

ओल्या नारळाबद्दल आमच्यात मतभेद आहेत. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. वरून खोबरं पेरल्याशिवाय भाजी झाली असं आईला वाटतच नाही. पण तिच्या घरची भाजी अकराला ताटात पडते. माझी मे महिन्यात, शंभर माणसांच्या डब्यात, घामाच्या वाफेत प्रवास करते. दोनदा आंबूस वासाची गवार खाल्ल्यावर मी एप्रिल ते जून सुकं खोबरं भाजून वापरतो. आईला सांगितलेलं नाही.

वाफ

हे मात्र आईचंच. मी पहिल्यांदा डबा भरला त्या दिवशी तिने फोनवर विचारलं, "वाफ जाऊ दिलीस का रे?" मला ती जुन्या बायकांची भीती वाटली. गरम भाजीवर झाकण लावलं की वाफ झाकणाला आतून चिकटते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा भाजीत पडतात. परतलेली कोबी दुपारी उकडलेली वाटते ती यामुळे. वर स्टीलचा डबा असेल तर आतली हवा थंड होऊन झाकण असं ओढून बसतं की ऑफिसच्या पँट्रीत चौघांनी हात लावावा लागतो. (तसं झालंच तर झाकणाच्या कडेवरून अर्धा मिनिट गरम पाणी सोडा, सुटतं. चमच्याने ठोकू नका, कड वाकली की तो डबा कायमचा गळका.)

म्हणून भाजी झाली की कढईत ठेवायची नाही. स्टीलच्या ताटात पसरायची, पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात पोळ्या होतात.

पोळी

डब्याची पोळी आणि पानातली पोळी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पानातली थोडी कडक झाली तरी गरम असते म्हणून खपते. डब्यातली कडक झाली की तिचा पापड.

कणीक रोजच्यापेक्षा सैल हवी, हाताला किंचित चिकटेल इतकी. कोमट पाणी, तेल जरा सढळ, मळून झाकून निदान वीस मिनिटं. मी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी कणीक मळतो. रात्रीच मळून फ्रीजमध्ये ठेवण्याचा शहाणपणा करून पाहिला, कणीक काळपट पडली आणि पोळीही तशीच. घडीची पोळी करा. घडीत तेल लावून वर चिमूटभर पीठ भुरभुरलं की पदर सुटतात आणि पदरांत ओल टिकते. तवा चांगला तापलेला हवा. मी सुरुवातीला जळू नये म्हणून मंद आचेवर भाजायचो, त्यात पोळी तव्यावर जास्त वेळ राहायची आणि आतून वाळायची. भराभर भाजून उतरवायची, लगेच तूप.

आता खरी गोम. उतरवलेल्या पोळ्या एकावर एक रचल्या तर खालची ओली होते, वरची वाळते. फॉइलमध्ये गुंडाळल्या तर सगळ्याच घामेजतात. मी काय करतो, पहिली दोन मिनिटं प्रत्येक पोळी टोपलीत उभी टेकवून ठेवतो, मग तूप लावलेल्या बाजू आत येतील अशी घडी, आणि मग जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात बांधून डब्यात. धोतर वडिलांचं. इतकं धुतलंय की मलमलीसारखं झालंय, आणि पाणी टिपायला नव्या नॅपकिनपेक्षा हुशार आहे. ऑफिसात हे गाठोडं सोडताना एकदा कुणीतरी विचारलं, "काय हो, शिदोरी का?" हो, शिदोरीच.

दहीभात

सात तास ज्याचं नुकसान न करता उलट काम करतात असा हा एकच पदार्थ. दहीभात म्हणून दही कालवून नेलंत तर दुपारी तो आंबट ढोण होतो. दही घरी कालवायचंच नाही, गाडीत लागू द्यायचं.

भात नेहमीपेक्षा मऊ शिजवा. गरम असतानाच डावाने घोटा. त्यात दूध घाला, आणि भात दुधात पोहतोय असं वाटेपर्यंत घाला. हात आखडू नका, भात ते सगळं पितो. बोट बुडवून कोमट लागलं की एक चमचा दही, जास्त नाही. मीठ बेताचं. वरून हिंग, जिरं, मिरची, कढीपत्त्याची गार केलेली फोडणी. हाही गार झाल्यावर बंद. दुपारी उघडलात की वर सुरी मारावी असं ताजं, गोडसर विरजण लागलेलं असतं. मेमध्ये ऑफिसात पोचल्या पोचल्या फ्रीजमध्ये टाका, तोवर काम झालेलं असतं. जानेवारीत दीड चमचा दही, आणि डबा बॅगेत लॅपटॉपला चिकटवून. लॅपटॉपचा मला झालेला हा एकमेव निखळ फायदा.

कोशिंबिरीत मीठ आणि कूट घालून नेऊ नका, वेगळी पुडी न्या. फळाबद्दल काही सांगायचं नाही, केळं पिशवीत नेऊ नका एवढंच.

गाडीत

माझा पहिला डबा क्लिपांचा होता, प्लॅस्टिकचा, चारी बाजूंनी टक टक लागणारा. त्यात मटकी, चांगली तर्री असलेली. बॅग रॅकवर ठेवली, आडवी. ठाणे सुटलं आणि खाली बसलेल्या गृहस्थांनी खांद्याला हात लावून तो नाकाशी नेला. पांढरा शर्ट. खांद्यापासून खिशापर्यंत केशरी रेघ, अगदी ओळंबा लावल्यासारखी सरळ. त्यांनी वर पाहिलं, मी वर पाहिलं, सगळ्या डब्याने वर पाहिलं. "बॅग कुणाची?" मी हात वर केला. मागून आवाज आला, "मटकी आहे वाटतं." त्या गृहस्थांनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते घाटकोपरला उतरताना फक्त म्हणाले, "आज रिव्ह्यू आहे माझा."

तेव्हापासून रस्सा असेल त्या दिवशी बॅग रॅकवर जात नाही. छातीवर उलटी अडकवतो आणि डबा तळाशी उभा. डबा काठोकाठ भरत नाही, बोटभर जागा सोडतो. निघण्याआधी परीक्षा : डब्यात पाणी भरून सिंकवर उलटा धरायचा, दहापर्यंत मोजायचं. थेंब आला तर तो डबा सुक्या भाजीचा.

शर्टावर हळदीचा डाग पडलाच तर साबण लावल्यावर तो लाल होतो. घाबरू नका, हळदीचा स्वभावच तो. धुवा आणि कडक उन्हात वाळत घाला, ऊन तो रंग खातं. पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यालाही हाच उपाय, धुऊन दोन दिवस गॅलरीत.

मायक्रोवेव्ह

आमच्या मजल्यावर माणसं साठ आणि मायक्रोवेव्ह एक. एक ते दीड तिथे रांग असते आणि रांगेत एक जण असा असतो की तो तीन डबे एकामागून एक गरम करतो. मी बारा पन्नासला उठतो. साहेबांना वाटतं प्रिंट आणायला गेलोय.

भाजी डब्यात कडेकडेने सारा आणि मध्ये खळगा करा, कारण मधलं सगळ्यात शेवटी तापतं. झाकण नुसतं वर टेकवा. खिचडीची वीट झालेली असते, तिच्यावर डिस्पेन्सरचं गरम पाणी दोन चमचे. साबुदाण्याची असेल तर पाण्याचा हबका, आणि लगेच खायची. पोळी मात्र आत घालू नका. वीस सेकंदांत मऊ होते आणि दोन मिनिटांत चामडं. स्टीलचा डबा तर नाहीच. आमच्याकडे एकाने घातला, आत दिवाळी झाली, पंधरा दिवस यंत्र बंद. त्यानंतर भिंतीवर चिकटवलेल्या सूचनेत स्टीलसोबत 'तीव्र वासाचे पदार्थ' हेही आलं, म्हणजे आमचं सुकट. दर शुक्रवारी मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न जाळतात त्याला तीव्र वास नसतो बहुतेक. मी आता जवळ्याची चटणी सुकं खोबरं घालून कोरडी करतो, छोट्या स्टीलच्या डबीत नेतो आणि गारच खातो. भातावर तशीच छान लागते. शेजारची, जिने सूचनेवर पहिली सही केली होती, ती परवा म्हणाली, "थोडी बघू."

फ्रीजमध्ये ठेवलेल्या वस्तूवर नाव लिहा. दही तरीही जातं.

घरी आल्यावर

डबा रात्रीच उघडा. झाकणातली रबरी रिंग काढून वेगळी धुवा, वेगळी वाळवा. धुतलेल्या डब्याला येणारा तो ओळखीचा कुबट वास डब्याचा नसतो, रिंगेखाली राहिलेल्या परवाच्या उसळीचा असतो. डबा झाकण न लावता पालथा घाला.

धुताना बायकोचाही डबा माझ्याकडेच येतो. ती जेवणाबद्दल कधी बोलत नाही, पण डबा बोलतो. दहीभाताचा डबा चाटूनपुसून. पोळ्या संपलेल्या. काल भाजीच्या कप्प्यात दोडका होता तसा, कूट घालूनसुद्धा, अर्ध्याहून जास्त परत आलेला, आणि त्याच्या कडेला तिने लोणच्याची फोड चोखून ठेवलेली. गुरुवारी पुन्हा आहे दोडका. या वेळी तीळकूट घालून बघतो.