फळझाडावरची गाठ बुरशीची आहे का? फवारणीआधी चिरून बघा

फांदीवर गाठ दिसली की लगेच बुरशीनाशक मारायची घाई होते. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजरा, राधानगरी, भुदरगडकडच्या बागांत दिसणाऱ्या बऱ्याच गाठी कीड, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे जंत) नाहीतर बांडगुळाच्या असतात. त्यांवर बुरशीनाशकाचा काही उपयोग नाही.

धारदार सिकेटर (छाटणीची कात्री), ब्लेड, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि पांढरा कागद घ्या. पावसाळ्यात सालीवर शेवाळ आणि दगडफूल चढतं, ते आधी ओल्या फडक्यानं पुसा.

पहिल्यांदा जागा बघा. कलमी झाडाच्या बुडाजवळ खोड सगळीकडून फुगलेलं असेल, तर तो कलमाचा जोड. त्याला हात लावू नका. फांदीवर ओबडधोबड लाकडी गोळा आणि त्यातून निराळ्याच पानांचा झुपका निघाला असेल, तर ते बांडगूळ. वाळलेलं बांडगूळ गळून पडलं तरी गोळा तसाच राहतो आणि सर्वांत जास्त फसगत तिथंच होते.

मग गाठ कागदावर धरून उभी चिरा. आत पोकळी, अळी किंवा भुसा-विष्ठा दिसली की कीड ठरली. आवळ्याचा शेंडा फुगतो तो बहुधा अशाच अळीमुळं. आंब्याच्या पानावर मोहरीएवढे फोड दिसतात ते मिजमाशीचे. फोडाला बारीक छिद्र असेल तर माशी उडून गेलेली असते. पेरू, डाळिंबाच्या मुळांवरच्या मण्यांसारख्या गाठी सूत्रकृमीच्या.

आतून भरीव, पोकळी नसलेली गाठ असेल तरच बुरशीचा संशय धरा. साल फाटून गंजासारखी पूड सुटते का, टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके आहेत का, हे भिंगातून बघा. जमिनीलगतची भरीव गाठ जिवाणूचीही असू शकते. नुसत्या डोळ्यांनी तो फरक कळत नाही.

आंब्यावर फ्युजेरियम बुरशीची विकृती येते, तिला गोल गाठ नसते. पेरं आखूड होऊन बारीक पानांचा दाट गुच्छ निघतो. मोहोर जाड, मांसल, कोबीच्या गड्ड्यासारखा आवळलेला राहतो, फळ धरत नाही आणि वाळून काळा पडला तरी फांदीला चिकटून असतो. उत्तर भारतात याचा त्रास मोठा आहे. रोग कलमकाडीतून पसरतो, म्हणून अशा झाडाची काडी कलमासाठी अजिबात घेऊ नका. गुच्छाखाली 15 ते 20 सेंटीमीटर निरोगी भाग घेऊन फांदी कापा आणि जाळा. प्रत्येक कापानंतर सिकेटर स्पिरिटनं पुसा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या दोन भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे कालवून मग एकत्र करा. पेस्टमध्ये लोखंडी पातं बुडवल्यावर त्यावर तांबूस थर आला, तर चुना कमी पडलाय, आणखी घाला.

तरीही खात्री होत नसेल, तर कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना दाखवा. जिवंत आणि मेलेला भाग जिथं मिळतो तिथला तुकडा घ्या, कारण पूर्ण वाळलेल्या लाकडावर भलतीच बुरशी वाढते. तो वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटून एका रात्रीत नमुना कुजू लागतो.